घर मिळालं, मत कुठं गेलं?

सोलापूरला लागून असलेल्या कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत आहे. घरं बिडी वळणाऱ्या बायकांची. काही वाटा केंद्राचा, काही राज्याचा आणि काही त्या बाईने स्वतः फेडलेला. या घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले ते नरसय्या आडम यांनी, म्हणजे अख्ख्या सोलापूरच्या आडम मास्तरांनी. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यानंतरच्या २००९च्या विधानसभेला मास्तर पडले. २०१४ला पडले, २०१९ला पडले आणि २०२४लाही पडले.

पुढचा भाग आणखी गमतीचा आहे. त्याच परिसरात रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली. जानेवारी २०१९मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिची पायाभरणी केली. त्या निमित्ताने मास्तरांनी मोदींचं कौतुक केलं, म्हणून मार्क्सवादी पक्षाने त्यांना तीन महिने निलंबित केलं. १९ जानेवारी २०२४ रोजी मोदींनीच येऊन पंधरा हजार घरं सुपूर्द केली. चार महिन्यांनी लोकसभेला सोलापूरने भाजपचे राम सातपुते यांना पाडलं आणि काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना ७४ हजारांवर मताधिक्य दिलं. आणखी सहा महिन्यांनी विधानसभेला शहरातल्या तिन्ही जागा, म्हणजे शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण, भाजपला दिल्या. घरं मागणारा हरला, घरं देणाराही आधी हरला, मग जिंकला.

आता अर्थशास्त्राचं पुस्तक उघडू. मेल्टझर आणि रिचर्ड या दोघांनी १९८१ साली मांडलेलं गणित या विषयाच्या मुळाशी आहे. समजा पाच घरांची महिन्याची कमाई आठ हजार, दहा हजार, बारा हजार, वीस हजार आणि दोन लाख आहे. सरासरी येते पन्नास हजार, पण मधलं घर बारा हजारांचं. सगळ्यांकडून चौथा हिस्सा कर घेऊन तो समान वाटला, तर बारा हजारवाला तीन हजार देईल आणि साडेबारा हजार घेईल. निवडणूक जिंकायला हे मधलं घर आपल्याकडे हवं. म्हणून दरी जितकी रुंद, तितकं मधल्या मतदाराला वाटप हवंसं वाटणार आणि लोकशाहीत ते होणारच, असा निष्कर्ष. गणितात खोट नाही. फक्त जगात तसं घडत नाही. पीटर लिंडर्ट या इतिहासकाराने याला रॉबिन हूडचं कोडं म्हटलं: वाटपाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी होतं. जिथे मुळात दरी कमी, त्या स्वीडन-डेन्मार्कसारख्या देशांत लोक खुशीने कर भरतात.

आपल्याकडची दरी लहान नाही. २०२४ साली भारती, चॅन्सेल, पिकेटी आणि सोमंची यांनी केलेल्या अंदाजानुसार २०२२-२३मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. खर्चाच्या पाहणीवरून हिशेब करणारे अर्थतज्ज्ञ याहून बरंच सौम्य चित्र काढतात, आणि तो वाद मिटलेला नाही. पण मधल्या घराची कमाई सरासरीच्या खूप खाली आहे, याबद्दल वाद नाही. मग सोलापूरच्या मतपेटीतून करवाढीची आणि वाटपाची मागणी धो धो यायला हवी होती. ती का येत नाही?

परदेशी अभ्यासक एक उत्तर लगेच देतात: गरीब मतदानालाच जात नाहीत. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरं आहे. आपल्याकडे उलटं आहे. मतदानाच्या रांगेत झोपडपट्टीतला माणूस बंगल्यातल्या माणसापेक्षा कमी दिसत नाही, बहुतेक वेळा जास्तच दिसतो. तेव्हा हे उत्तर बाजूला ठेवू.

दुसरं उत्तर आशेचं. बेनाबू आणि ओक यांनी २००१मध्ये मांडलं की आज गरीब असलेला माणूसही उद्या आपण वर जाऊ या भरवशावर जड कराला विरोध करतो. हे सोलापूरला नीट लागू पडतं. इथली जुनी गिरणी १८७७ सालची. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडल्या. गिरणीत कामगार एका छपराखाली होता, युनियनमध्ये होता, त्याला मालक दिसत होता. पूर्व भागातल्या यंत्रमागावर चित्र बदललं. दुसऱ्याच्या मागावर चादर-टॉवेल विणणाऱ्याला स्वतःचे दोन माग टाकायचे असतात, दोनवाल्याला चार. चार मागवाला स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही, आणि व्यापाऱ्याकडून सूत उधार घेऊन माल त्यालाच घालणारा हा माणूस तसा मालकही नाही. त्याला किमान वेतनाचा कायदा आपल्यावरचा जुलूम वाटतो. ज्याची स्वतःची मागावर बसण्याची उमेद संपली आहे त्याची पोरं पुण्याला आहेत. अर्थशास्त्रज्ञ हर्शमनने सांगून ठेवलं आहे की शेजारची रांग पुढे सरकली तर आपली रांग अडलेली असूनही माणूस काही काळ खूश राहतो, आता आपलीही सरकेल म्हणून. आणि त्यानेच हेही सांगितलं की निघून जायची वाट मोकळी असली की आवाज उठवणारे कमी होतात. सोलापूरचा आवाज उठवण्याच्या वयातला मोठा वर्ग हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेला. गाडीचं नाव १९३१ साली फाशी गेलेल्या चौघांवरून ठेवलेलं आहे, एवढं जाता जाता.

तिसरं उत्तर असं की लोकांना आपली जागाच ठाऊक नसते. गरीबही स्वतःला मध्यम समजतो आणि श्रीमंतही. मग त्याला खरी जागा दाखवली तर? अर्जेंटिनात एका पाहणीत तसं केलं, तेव्हा स्वतःला उगाच वर समजणाऱ्या गरिबांनी जास्त वाटप मागितलं. पण हॉय आणि मॅगर यांनी दहा देशांत हाच प्रयोग केला तेव्हा उलट अनुभव आला. आपण वाटलं त्याहून गरीब आहोत हे कळल्यावर लोक वाटपाकडे झुकले नाहीत, उलट त्यांना विषमतेची चिंता कमी वाटू लागली. ‘माझं ठीक चाललंय, आणि माझ्यासारखेच जर तळाशी असतील तर तळ काही इतका वाईट नाही’, असा तो विचार. मला हा निष्कर्ष या सगळ्या साहित्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तक्ते दाखवून मतं फिरवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पुरोगामी मंडळींनी तो भिंतीवर लावावा.

पण या तिन्ही उत्तरांत एक गृहीत आहे, की माणूस दरी मोजतो ती वर-खाली, गरीब ते श्रीमंत अशी. सोलापूर जिल्ह्यात वाटपाचं सगळ्यांत मोठं भांडण अलीकडे कशावरून झालं ते पाहा. २०२१च्या एप्रिलमध्ये उजनी धरणाचं पाच टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला देण्याचा निर्णय झाला. जिल्हा पेटला. पक्ष बाजूला राहिले, शेतकरी, वकील, व्यापारी एक झाले आणि मे महिन्यात सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. पाणी कमी पडू नये ही मागणी रास्तच होती. पण त्याच उजनीचं पाणी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कसं वाटलं जातं? ऊस ते मुरमाड जमिनीतही पितो, आणि सोलापूर शहरातल्या नळाला दिवसाआड पाणी ही वर्षानुवर्षं चैन राहिली आहे. पाण्याच्या दिवशी बाई भल्या पहाटे घागरी, पिंप, पातेली मांडून बसते, त्या दिवशी बिड्या कमी होतात, म्हणजे मजुरी बुडते. बोअर असलेल्या बंगल्याला हा दिवस कोणता तेही माहीत नसतं. या विषमतेवरून मोर्चे निघाले, माठ फुटले. पण जिल्हा पेटला नाही. पुणे विरुद्ध सोलापूर ही रेघ दिसते. ऊसवाला विरुद्ध नळवाली ही रेघ दिसत नाही, कारण ऊसवाल्याच्या कारखान्यात तिचा भाचा कामाला असतो.

जातीच्या बाबतीतही तेच. शेतीचं उत्पन्न खालावलं, तुकडे पडले, पोरांना नोकऱ्या नाहीत, ही आर्थिक तक्रार आहे. ती व्यक्त झाली मराठा आरक्षणाच्या मागणीतून, २०२३च्या सप्टेंबरपासून तर फार जोराने. धनगर समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणीही याच प्रकारची. ‘वरच्यांवर कर लावा’ असं यातलं कोणीच म्हणत नाही. ‘कोट्यात आम्हाला घ्या’ म्हणतात. ज्याच्या वाट्यातून ते यायचं तो ओबीसी किंवा आदिवासी स्वतः फारसा वर नाही, आणि म्हणून भांडण खालच्या दोन पायऱ्यांवर होतं. अलेसिना आणि ग्लेझर यांनी अमेरिका आणि युरोपची तुलना करून म्हटलं की वंश आणि भाषा वेगळ्या असल्या की लोक वाटपाला नाखूश होतात, कारण पैसा ‘त्यांच्या’कडे जाईल ही शंका. शहर मध्य हा मतदारसंघ तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचा. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वेळी तिथे दुसऱ्या क्रमांकाची मतं एमआयएमला पडली. पद्मशाली बाई आणि मुसलमान बाई एकाच कारखान्यात बिड्या घालतात, एकाच लाल झेंड्याखाली मजुरीसाठी मोर्चाला जातात आणि मतदानाच्या दिवशी वेगवेगळ्या चिन्हांवर बोट दाबतात. तिच्या लेखी यात काही विसंगती नाही. मजुरीचं काम युनियनचं, आणि सुरक्षिततेचं, मानाचं काम मताचं.

मास्तरांच्या पराभवाला एक साधं कारणही असावं, जे सिद्धान्तांत सापडत नाही. ते १९७८, १९९५ आणि २००४ साली जिंकले तो शहर दक्षिण मतदारसंघ २००९पासून उरलाच नाही, पुनर्रचना झाली. आणि कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात. महापालिकेच्या प्रभागांचा शहर मध्य मतदारसंघ तिथवर पोचत नाही. घर मिळालेल्या कुटुंबाने नाव नव्या पत्त्यावर नेलं की मास्तरांचं मत त्यांच्याच घरामुळे हद्दपार.

मग महाराष्ट्रात मतदाराने कधी मोठं वाटप मनापासून स्वीकारलं आहे का? आहे, आणि ते याच दुष्काळी पट्ट्यात. १९७२चा दुष्काळ सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांना अजून मिलो ज्वारी आणि सुकडीच्या चवीसकट आठवतो. मे १९७३मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर रोज जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खडी फोडायची, बांध घालायचे, पाझर तलाव खणायचे. मुकादमाने मस्टरवर हजेरी घ्यायची, आठवड्याने पगार. त्यातून रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांनी ती साठच्या दशकातच मांडली होती; १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. कागदावर नव्हे, कायद्याने काम मागण्याचा हक्क देणारं हे देशातलं पहिलं राज्य. खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या कारकुनाच्या पगारातून रक्कम कापायची, सरकारने तिच्यात आपली भर घालायची आणि सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या माणसाला मजुरी द्यायची. सरळसरळ वाटप, घेणारा आणि देणारा दोघेही उघड. आणि त्याला सगळ्या पक्षांचा पाठिंबा.

हे का जमलं? मोइन आणि वॉलरस्टीन यांचा सिद्धान्त इथे चपखल बसतो: माणसाला समतेपेक्षा विमा हवा असतो. पाऊस कोणाचाही जाऊ शकतो, पाच एकरवाल्याचाही. त्यात काम केल्याशिवाय पैसा नाही, म्हणजे फुकट्याची शंका नाही. शहरवाल्यांना वाटत होतं की गावात काम मिळालं तर मुंबईच्या पदपथावर गर्दी कमी होईल. बड्या शेतकऱ्याला बांध, रस्ते, तलाव फुकटात मिळत होते. हेरिंग आणि एडवर्ड्स यांनी १९८३मध्येच दाखवून दिलं की योजनेचा टिकाऊ फायदा जमीनवाल्याकडे जातो. म्हणजे धर्मादाय म्हणून कोणीच पाठिंबा दिला नाही, प्रत्येकाने आपला हिशेब पाहिला. मला यात काही वावगं दिसत नाही. १९८८मध्ये किमान वेतन दुपटीने वाढलं, त्याबरोबर हमीची मजुरी वाढवावी लागली आणि नंतर मागेल त्याला काम हे वचन पातळ होत गेलं, हेही नोंदवायला हवं. आणि श्रेय कोणाचं? पागे दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती होते. योजनेला कोणा मुख्यमंत्र्याचं नाव नव्हतं. तिच्यावर कोणी निवडणूक जिंकल्याचं ऐकिवात नाही.

याच काळात शेतकऱ्यांतून एक वेगळी हाक आली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. वाटपाबद्दल मराठी मतदाराच्या मनात काय आहे हे या चार-पाच शब्दांत जितकं आहे तितकं कुठल्याही पाहणीत नाही. मागणी दामाची, अनुदानाची नाही. बिडीच्या मोर्चातली मागणीही हजार बिड्यांमागच्या मजुरीची असते, आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांपोटी मजुरी कापू नका ही. ऊस आंदोलन पहिल्या उचलीचं, दराचं असतं. सरकारने नंतर वाटण्यापेक्षा आधीच बाजारात बरोबर मिळावं, ही ओढ आहे. अडचण एवढीच की दाम देणं सरकारला जमत नाही, आणि भीक देणं जमतं. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या महाराष्ट्राने पाहिल्या. कर्ज बँकेचं असेल त्याला माफी. ज्याने सावकाराकडून घेतलं, किंवा ज्याला जमीनच नाही, तो बाहेर. विषमतेचा विचार केला तर माफीचा झुकाव वरच्या शेतकऱ्याकडे राहिला.

आता राज्य सरकारची लाडकी बहीण योजना. २८ जून २०२४ला अर्थसंकल्पात घोषणा, जुलैत अर्ज, ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आधी खात्यावर दोन महिन्यांचे तीन हजार. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. बिडी कामगार बाईच्या घरी हे कार्ड असतंच. महिना दीड हजार म्हणजे तिच्या हाताला कित्येक दिवसांची मजुरी, आणि ती सासू, नवरा, कारखानदार, युनियन कोणालाही न विचारता, थेट. रे नगरच्या घरासाठी अर्ज, हप्ता, बँक आणि पाच वर्षांची वाट होती. इथे सहा आठवडे. नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीला २८८पैकी २३०हून अधिक जागा मिळाल्या आणि राज्याचं मतदान २०१९च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६वर गेलं. सगळं श्रेय दीड हजारांना देणं घाईचं होईल; जातीची जुळवणी, धर्माचा प्रचार, विरोधकांचा विस्कळीतपणा हेही होतं. पण मतदाराने काय पारखलं हे कळतं: रक्कम किती यापेक्षा ती खरंच येते का. महाविकास आघाडी तीन हजार देणार होती आणि महायुतीने एकवीसशे कबूल केले होते. पुढच्या तीन हजारांपेक्षा खात्यावर आलेले दीड हजार भारी ठरले. सरकारवर भरवसा नसलेल्या समाजात हा शहाणपणा आहे. कुझिएम्को आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पाहिलं की विषमतेची माहिती दिल्यावर लोक अस्वस्थ होतात, पण सरकारवरचा विश्वासही घटतो, आणि म्हणून वाटपाची मागणी फारशी वाढत नाही. आपल्या मतदाराने त्यावर तोडगा काढला: आधी खात्यावर, मग मत.

निवडणुकीनंतर काय झालं? २०२५मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याच्या संशयावरून हप्ते थांबवले गेले, त्यात काही हजार पुरुष निघाले. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीचं झालं. गल्लीत भांडण सुरू झालं ते शेजारणीचा हप्ता आला, माझा का नाही, यावरून. आणि योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी वळवला गेला, त्यावर खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी दाखवली. दलित वसतिगृहाच्या पैशातून दलित बहिणीचा हप्ता, असंही होऊ शकतं. याला वाटप म्हणायचं असेल तर ते आडवं वाटप आहे, वरून खाली आलेलं नाही.

वरून खाली येण्याचे रस्ते आपण एकेक करून बंद केले. वारसा संपत्तीवरचा कर १९५३ला आला, १९८५ला गेला. संपत्ती कर १९५७ला आला, २०१५ला गेला. बिडी कामगारांसाठी १९७६च्या कायद्याने बिडीवर उपकर होता, त्यातून दवाखाने, पोरांना शिष्यवृत्ती आणि घरांना मदत मिळायची. जीएसटी आला तेव्हा २०१७मध्ये तो उपकरही रद्द झाला. यातल्या कुठल्याच निर्णयावर सोलापुरात निवडणूक लढली गेली नाही. संपत्तीच्या वाटपाचा विषय प्रचारात आला तो एकदाच, एप्रिल २०२४मध्ये, आणि तोही भीती म्हणून. बांसवाड्याच्या सभेत मोदींनी सांगितलं की काँग्रेस आली तर तुमचं सोनं मोजेल, मंगळसूत्रही वाटून टाकेल. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात जातनिहाय सामाजिक-आर्थिक गणनेचं आश्वासन होतं, संपत्ती काढून घेण्याचं नव्हतं. तरीही काँग्रेसने घाईघाईने खुलासे केले, ‘आम्ही कोणाचं काही घेणार नाही’. कोणाचं काही न घेता सगळ्यांना द्यायचं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. २९ एप्रिलला मोदींची सभा सोलापुरात झाली. सोलापूरने ती भीती फारशी मनावर घेतली नाही, हे निकालावरून म्हणता येतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की विषमता वाढल्याने मतदाराची वाटपाची भूक वाढते की नाही, हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. भूक आहे. १९७३च्या मे महिन्यातही होती, कुंभारीच्या माळावरही आहे. मतदार ती मागतो ती ज्या रूपात मिळण्याची खात्री वाटते त्या रूपात: कधी हमीचं काम, कधी दाम, कधी कोटा, कधी घर, कधी हप्ता. पक्षांनी यातल्या हप्त्याचं रूप उचललं, कारण त्यात कोणाला दुखवावं लागत नाही आणि नाव लावता येतं. घेणाऱ्याच्या बाजूची स्पर्धा जोरात आहे, देणाऱ्याच्या बाजूला शुकशुकाट. व्यवसाय कर १९७५ साली कुठल्या कामासाठी बसवला होता हे आज तो भरणाऱ्या दहांपैकी एकालाही ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे, महिना वीस हजारवाल्यालाही आणि दोन लाखवाल्यालाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा तो किती देणार हे तो न विचारताच सांगेल. कोणाकडून घेऊन देणार, तेवढं आपण विचारावं.